साईड स्टँडवर गाडी लैच झुकते, पडते, नाहीतर स्टँड सारखा तुटतोय? कापून वेल्डिंग मारायच्या आधी हे बघा

आधी लक्षणं. साईड स्टँडचं काम घेऊन जे गिऱ्हाईक येतंय त्यात पाच-सहा वेगवेगळे फॉल्ट असतेत आणि मागणी मात्र सगळ्यांची एकच, "जरा कापून वेल्डिंग मारून द्या". म्हणून तुमचं नक्की यातलं काय होतंय ते आधी ठरवा.

– गाडी डावीकडं लैच झुकते. सरळ करायला दोन हात आणि वर गुडघा लावावा लागतोय, हँडल शेजारच्या गाडीला टेकतंय, जुनी कार्बोरेटरवाली असेल तर झुकल्यावर पाईपातून पेट्रोल टिपकतंय.
– याच्या उलट, गाडी जवळजवळ ताठ उभी राहते आणि जवळून एसटी गेली, कुणी धक्का दिला, की उजवीकडं आडवी.
– स्टँड वर केला तरी राहत नाही, स्पीड ब्रेकरला खाली लोंबतोय.
– गाडी लावून दोन पावलं गेलं की गाडी पुढं सरकते आणि स्टँड मिटतोय.
– डांबरात, मातीत पाय रुततोय.
– वेल्डिंग केलेला स्टँड परत तिथंच, नाहीतर वेल्डिंगच्या अगदी कडेला, तुटतोय.

लोंबणारा स्टँड सगळ्यात धोक्याचा. डावीकडं वळताना तो रस्त्याला अडकला तर मागचं चाक उचलून माणूस फेकला जातोय. असं असेल तर बाकीचं नंतर वाचा, आत्ता सुतळीनं किंवा रबरानं वर बांधा आणि हळू घरी या.

आता तपासणी. फुकटातल्या गोष्टी आधी.

जागा आणि हवा. गाडी सिमेंटच्या सपाट जागेवर लावून बघा. आपल्याकडं गल्लीतल्या रस्त्याला गटारीकडं उतार असतोय आणि माणूस रोज त्याच उतारावर गाडी लावून स्टँडला शिव्या देत असतोय. दोन्ही टायरची हवा कंपनीनं सांगितली तेवढी भरा, मगच मापं घ्या. झुकाव मोजायचा तर मोबाईलमध्ये लेव्हलचं ॲप असतंय, मोबाईल मागच्या रिमला टेकवून बघा. १० ते १५ अंशाच्या आसपास असेल तर माझ्या मते स्टँडला हात लावायचं कारण नाही. त्याच्या लैच वर किंवा खाली असेल तर पुढं वाचा.

मधल्या काळात गाडीत काय बदललं ते आठवा. याचं उत्तर लोक लगेच देत नाहीत, दोनदा विचारावं लागतंय. मागं ८०/१०० च्या जागी १००/९० चा टायर टाकला असेल तर चाकाची त्रिज्या साधारण १० मिमीनं वाढली, म्हणजे स्टँडच्या जागी गाडी पाचेक मिमी वर उचलली गेली, तेवढा स्टँड आखूड पडणारच. मागचे शॉकॲब्सॉर्बर उंच टाकले, तरी तेच. आणि शॉकॲब्सॉर्बर बसले असतील तर उलटं, गाडी खाली येते, स्टँड लांब पडतोय, गाडी ताठ उभी राहते. शॉकॲब्सॉर्बर बसलेला असताना स्टँड कापणं म्हणजे पुढं नवीन शॉकॲब्सॉर्बर टाकल्यावर परत जोडायची तयारी.

दूधवाले आणि कारखान्यातून चादरी-टॉवेलचे गठ्ठे नेणारे यांचा तर हा कायमचा घोळ. सोलापूरजवळच्या बोरामणीकडून येणारे एक मामा आहेत, दोन बाजूला दोन कॅनी, म्हणाले गाडी उजवीकडं पडते, स्टँड कापा.

मी म्हटलं, "मामा, रिकाम्या गाडीला पडते का भरलेल्या?"

"भरलेल्या. रिकामी मस्त राहते की."

"मग कापल्यावर रिकामी डावीकडं लोळंल."

"आन् मग काय करू?"

मग त्यांच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा ॲडजस्टर दोन खाच कडक केला आणि सांगितलं की कॅन आधी डावीकडची लावा, मग उजवीकडची, उतरवताना आधी उजवी काढा. उजवी आधी लावली की सगळं वजन गाडीला ताठ करून पलीकडं ओढतंय. वजनाच्या गाडीला डबल स्टँड असेल तर तोच वापरा, साईड स्टँड त्यासाठी नाहीच. मामांच्या स्टँडला ग्राइंडर लागला नाही.

आता थोडा हात काळा करायची तयारी. स्टँडच्या वरच्या बोल्टपाशी चिखल, चेनचं ऑईल, धूळ यांचा घट्ट थर बसलेला असतोय. वायर ब्रश आणि थोडं रॉकेल नाहीतर डिझेल लावून साफ करा, कापडानं पुसा, वाळू द्या, मग ग्रीस. स्टँड लोंबण्याच्या बऱ्याच केस इथंच संपतेत, कारण स्प्रिंग बरी असते पण बोल्ट जाम झाल्यामुळं स्टँड अर्ध्यात अडकतोय. साफ केल्याशिवाय पुढचं काही दिसतही नाही, तडा गेला असेल तर तो याच थराखाली लपलेला असतोय.

साफ झाल्यावर स्प्रिंग बघा. स्टँड हातानं हळूहळू वर न्या. मध्ये एक जागा अशी आली पाहिजे की स्प्रिंग सगळ्यात ताणलेली, आणि तिथून पुढं गेलं की स्प्रिंग स्वतःच स्टँड वर खेचते, मागं आलं की स्वतःच खाली खेचते. याचं कारण स्प्रिंगची रेघ बोल्टच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते. वर नेल्यावर ती रेघ बोल्टच्या पलीकडं जातच नसेल तर नवीन स्प्रिंग टाकूनही फायदा नाही, हूकची पिन वाकलीय, नाहीतर आधी कुणीतरी वेल्डिंग करताना भलत्याच जागी लावलीय. स्प्रिंग काढून हातात घ्या, वेटोळ्यांमध्ये फट दिसत असेल तर ती ताणून गेली, बदला. त्याच गाडीची, तेवढ्याच लांबीची घ्या. जाडजूड दिसतेय म्हणून दुसऱ्या गाडीची स्प्रिंग बसवली की हूकच्या पिनवर जास्तीचा ताण येतोय आणि पुढं पिन तुटते. काही गाड्यांना एकात एक दोन स्प्रिंगा असतेत, आतली तुटलेली बाहेरून दिसत नाही, तेही बघा.

स्प्रिंग बसवायची युक्ती सांगतो, पक्कड-स्क्रू ड्रायव्हर लावून डोळ्यावर उडवून घेऊ नका. स्टँड अशा जागी न्या की स्प्रिंग ताणली जाईल, एकेका फटीत बारीक वायसर नाहीतर रुपयाची नाणी सरकवत जा, सगळी बसली की स्प्रिंग लांबच राहते, आरामात काढा. नवीन स्प्रिंग व्हाईसमध्ये (शिकंज्यात) एक टोक धरून तशीच नाणी भरून लांब करा, हूकला अडकवा, स्टँड हलवून नाणी पाडा. चष्मा घालाच.

आता जे सगळ्यात जास्त वेळा सापडतंय आणि सगळ्यात कमी लोक बघतेत ते. वरचा बोल्ट आणि भोकं.

स्टँड खाली करा, गाडी दुसऱ्याला सरळ धरायला सांगा, म्हणजे स्टँडवर वजन नको. आता पायाच्या टोकाला धरून आत-बाहेर हलवा, पुढं-मागं नाही, गाडीकडं आणि गाडीपासून लांब. वरती दोन कानांमधली (बोल्ट ज्यातून जातोय त्या दोन पट्ट्यांमधली) जागा १२-१५ मिमी असते आणि पाय २५ सेंमीच्या घरात लांब, म्हणजे वर अर्धा मिमी ढिलं असेल तर खाली आठ-दहा मिमी हलतंय. आणि तेवढ्यानं झुकावही बदलतोय. आता विचार करा, पाय लांब केला तर गाडी महिनाभर बरी दिसंल पण ढिली जागा तशीच आहे, झीज चालूच, वर लांब पायाचा रेटा जास्त. मग कानांची भोकं लांबोळी होतेत, आणि तेव्हा काम पन्नास-शंभरात भागत नाही.

बोल्ट काढून बघा. मधल्या गुळगुळीत भागावर नख फिरवलं की पायरी लागली तर बोल्ट गेला. कंपनीचा बोल्ट खांद्याचा असतोय, म्हणजे घट्ट आवळला तरी स्टँड मोकळा फिरतोय. त्या जागी कुणीतरी दुकानातला पूर्ण आट्यांचा बोल्ट घातलेला असेल (हे मला सारखं दिसतंय) तर आटे कानसासारखं भोक खात बसतेत, शिवाय आवळला की कान जवळ येऊन स्टँड जाम, ढिला सोडला की नट पडतोय. कंपनीचाच बोल्ट आणा. नसेल मिळत तर डोक्यावर ८.८ लिहिलेला, आणि भोकात आटे येणार नाहीत एवढा गुळगुळीत दांडा असलेला, वर नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला).

भोकंच लांबोळी झाली असतील तर लेथवाला. सोलापुरात याची चिंता नाही, यंत्रमागाचे पार्ट करणारे लेथवाले आहेत, बुश मारणं (झिजलेल्या भोकात धातूची नळी बसवणं) त्यांच्या रोजच्या कामातलं. स्टँडच्या भोकात बुश बसवून घ्या किंवा सगळी भोकं एक साईज मोठी करून मोठा बोल्ट घाला, पण मोठं केल्यावर भोकाभोवती निदान ५-६ मिमी लोखंड उरलं पाहिजे, नाहीतर कान फाटतोय. लांबोळं भोक वेल्डिंगनं भरून परत हातातल्या ड्रिलनं पाडून देणारे आहेत, ते नको. हातानं दोन कानांतली भोकं एका रेषेत येत नाहीत आणि स्टँड पहिल्या दिवसापासून तिरका.

तेवढ्यातच एक नजर दांडीवर टाका. बऱ्याच १०० सीसी गाड्यांत साईड स्टँड फ्रेमला नसतोच, तो इंजिनखालच्या फूटरेस्टच्या दांडीला असतोय आणि ती दांडी चार बोल्टनी बसवलेली. गाडी एकदा डावीकडं पडली की दांडी वाकते, फूटरेस्ट वर-मागं जातंय, आणि स्टँडचा कोन बदलतोय. गाडीच्या मागं लांब उकिडवं बसून दोन्ही फूटरेस्ट एका पातळीत आहेत का बघा. नसतील तर स्टँड निर्दोष आहे, दांडी सरळ करा नाहीतर बदला, आणि ते चार बोल्ट ढिले असतील तर आवळा. काही वेळा फॉल्ट एवढाच असतोय.

आणि एक, रस्त्याकडंला स्टँडच्या पायाला पाईप लावून "जरा वाकवून देतो" म्हणणारा भेटला तर गाडी तिथून काढा. पाय जाड असतोय, आधी वाकतेत ते वरचे कान.

इथंपर्यंत सगळं बरं निघालं तरच वेल्डिंग.

पायाखालची पट्टी. हे काम मी आनंदानं करतो, कारण त्याची खरंच गरज आहे. मे महिन्यात पारा ४३ च्या पुढं गेला की डांबर मऊ होतंय, दुपारी कोर्टापुढं नाहीतर नवी पेठेत लावलेली गाडी तासाभरात झुकलेली दिसते, आणि पावसाळ्यात शेताकडच्या काळ्या मातीत तर विचारूच नका. कंपनीच्या स्टँडचा जमिनीला टेकायचा भाग साधारण ३० बाय ४० मिमीचा धरा, त्याखाली ७५ बाय ६० ची ५ मिमी पट्टी लावली की टेकायची जागा पावणेचार पट होते, रुतणं लैच कमी. फक्त दोन गोष्टी. पट्टी ५ मिमीची म्हणजे स्टँड ५ मिमीनं लांब झाला, गाडी अंशभर ताठ होणार, ते हिशोबात धरा. आणि पट्टी बाहेरच्या बाजूला जास्त काढू नका, स्टँड वर असताना ती बाहेर येऊन डाव्या वळणाला रस्त्याला घासते. पुढची-मागची कड गोल करा. स्टँड वर करून पट्टी चेनला, चेन कव्हरला लागत नाही ना ते टाका (तात्पुरता वेल्डिंगचा ठिपका) मारल्यावरच बघा, पूर्ण वेल्डिंग झाल्यावर नको.

स्टँड मिटत असेल तर स्टॉपर बघा. स्टँड खाली पूर्ण आला की जिथं लोखंडाला लोखंड टेकतंय ती जागा. गाडीच्या बाजूनं बघितलं तर पाय सरळ खाली नको, थोडा पुढं गेलेला पाहिजे, तरच गाडीचं वजन त्याला पुढं दाबून धरतंय. स्टॉपर झिजून पाय फारच पुढं जात असेल तर गाडी खाली बसते आणि झुकते. झिजलेल्या जागी वेल्डिंगचा एक-दोन थर भरून कानशीनं घासत घासत माप आणायचं. हे बारीक काम आहे पण याला पैसा लागत नाही.

लांबी कमी-जास्त करणं सगळ्यात शेवटी. किती, ते अंदाजानं सांगू नका. गाडी आखूड स्टँडवर असेल तर पायाखाली पत्र्याचे, प्लायचे तुकडे रचत जा, झुकाव बरा वाटला की तुकड्यांची जाडी मोजा, तेवढं वाढवायचं. स्टँड लांब असेल तर तुकडे दोन्ही चाकांखाली घाला, जेवढी जाडी तेवढं कापायचं, आणि कापताना दोन-तीन मिमी कमीच कापा.

कापायची जागा वरती बोल्टजवळ घेऊ नका. सगळा वाकवणारा जोर वरती असतोय, खाली पायाकडं कमी. सांधा खालच्या तिसऱ्या भागात घ्या. पाय पाईपचा असेल तर आत बसणारा दांडा दोन्हीकडं २०-२० मिमी घाला, कडा तिरक्या घासा, दोनेक मिमी फट ठेवा, समोरासमोर टाके मारा, बोल्टला लावून बघा आणि मग गोल वेल्डिंग. २.५ मिमीचा ६०१३ रॉड, ७०-९० अँपिअर पुरतेत. भरीव पाय असेल तर ७०१८, रॉड कोरडा पाहिजे, पावसाळ्यात उघड्या पुड्यातला नको, आणि आधी गॅसनं पाण्याचा थेंब चर्र करून उडेल एवढं गरम करून घ्या. वेल्डिंग झालं की हवेतच गार होऊ द्या. बादलीत बुडवून चर्र आवाज काढायची लै जणांना हौस, त्यानं लोखंड कडक होऊन ठिसूळ पडतंय आणि मग वेल्डिंगच्या कडेनं तुटतंय. तसंच सांधा दिसू नये म्हणून ग्राइंडरनं सपाट घासून मागतेत, तेही नको, जेवढं घासलं तेवढी ताकद गेली.

सारखा तुटणारा स्टँड असेल तर तुटलेल्या तोंडाकडं बघा. मधोमध काळपट, गंजलेलं आणि कडेनं चकचकीत असेल तर वेल्डिंग आत गेलंच नव्हतं, वरवर लेप होता. वेल्डिंगच्या शेजारी तुटलं असेल तर एकतर पाण्यात बुडवला होता, किंवा कडेला खाच पडली होती, किंवा गाडी स्टँडवर लावून माणूस वर बसतोय, किक मारतोय. एकदा जोडून परत तुटला की तिसऱ्यांदा जोडू नका, नवीन पाय आणा. जोडायच्या मजुरीत निम्मा नवीन येतोय.

काम करताना स्टँड गाडीवरून काढून व्हाईसवरच करा. काढणं शक्यच नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) कपलर काढा, टाकी उतरवा, आणि वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा चिमटा सांध्याच्या अगदी जवळ लावा, हँडलला नाहीतर चाकाला लावला की करंट बेअरिंगमधून, चेनमधून जातोय. स्टँडला पिवळसर किंवा चंदेरी मुलामा असेल तर वेल्डिंगच्या जागेवरून तो पूर्ण घासून काढा आणि दार उघडं ठेवा, झिंकचा धूर घेतला की रात्री थंडी वाजून ताप येतोय.

थांबा आणि दुसऱ्याकडं द्या अशा जागा:

चुंबक चिकटत नसेल तर पाय ॲल्युमिनियमचा आहे. गल्लीतल्या वेल्डिंग मशीनचं ते काम नाही, टिग वेल्डिंगवालाही जपूनच हात लावंल, सरळ नवीन घ्या.

फ्रेमच्या पाईपला तडा असेल, किंवा कान फ्रेमपासून फाटून आले असतील तर मी स्वतःही करत नाही. फ्रेमचा पाईप पातळ असतोय, रॉडनं भोक पडतंय आणि उष्णतेनं फ्रेम खेचली जाते. फ्रेमचं काम करणारा, जिग (फ्रेम सरळ धरून ठेवायचा सांगाडा) असलेला माणूस किंवा कंपनीचं सर्व्हिस सेंटर. गाडी वॉरंटीत असेल तर ग्राइंडर लावायच्या आधीच तिथं दाखवा.

स्टँड इंजिनच्या केसिंगवर बसवलेला आहे आणि तिथले आटे गेलेत, किंवा बोल्ट आत तुटलाय, तर तेही लेथवाल्याकडं नाहीतर चांगल्या मेकॅनिककडं.

आणि स्विच. बीएस ६ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली असला आणि गिअर टाकला की इंजिन बंद पडतंय. स्टँडचा कोन, पिन किंवा बोल्ट बदलला की स्विच चुकीच्या जागी दबतोय, मग कुणीतरी वायर जोडून स्विचच बायपास करतंय. स्टँड खाली विसरून निघायची सगळी जबाबदारी मग तुमच्या डोक्यावर. स्विच जागेवर येत नसेल तर वायरमनकडून नीट करून घ्या, वायर कापू देऊ नका.

काम झाल्यावर रंग, ग्रीस, नट. स्टँड वर करून डावीकडं गाडी झुकवून बघा कुठं लागतंय का, मग होटगी रोडच्या स्पीड ब्रेकरवरून एक चक्कर, स्टँड जागेवर राहिला पाहिजे. आठवड्याभरानं नट परत एकदा पान्यानं बघा आणि वेल्डिंगवर बोट फिरवा, रंगावर केसासारखी रेघ दिसली तर गाडी तेवढ्यापुरती भिंतीला टेकवा आणि स्टँड काढून आणा.